शेपूट गेल्यानंतरचा पहिला घास



पाऊस स्थिरावला की देशाच्या कानाकोपऱ्यांतून एकाच प्रकारचे छायाचित्र येऊ लागते. पाण्याच्या टाकीच्या कडेला, कुंडीच्या काठावर किंवा डबक्यावर झुकलेल्या पानाला चिकटलेला पांढरट फेसाचा गोळा. हे काय आहे, या प्रश्नाचे उत्तर आता अनेकांना ठाऊक असते : ते झाडबेडकाचे घरटे. दुसरा प्रश्न महिना-दोन महिन्यांनी येतो आणि तो अधिक अवघड असतो. घरट्यातून पाण्यात पडलेले बेडूकमासे कोणीतरी हौसेने किंवा दयेने बादलीत वाढवलेले असतात. त्यांना पाय फुटतात, शेपूट जाते, अंगठ्याच्या नखाएवढे देखणे बेडूक भिंतीवर चढतात आणि मग काहीच खात नाहीत. आठवड्याभरात एकेक करून मरतात. प्रश्नकर्ता विचारतो, यांना द्यायचे तरी काय?

हा प्रश्न घरगुती वाटतो. परंतु भारतीय प्राणिशास्त्राच्या इतिहासाकडे थोडे बारकाईने पाहिले, तर दीडशेहून अधिक वर्षांचे एक मोठे रिकामेपण नेमके याच जागी सापडते. आपण बेडकांना नावे दिली ती प्रौढ आणि मृत अवस्थेत. त्यांचे बालपण कळले ते मात्र ज्यांनी त्यांना जेवू घातले त्यांनाच. माझी पदवी भौतिकशास्त्राची आहे. तरीही, किंवा कदाचित त्यामुळेच, या दुसऱ्या प्रकारच्या लोकांचा इतिहास मला अधिक ओढून घेतो.

आपल्या घराघरांत दिसणाऱ्या सामान्य झाडबेडकापासूनच सुरुवात करू. त्याचे शास्त्रीय नाव पॉलिपेडेटिस मॅक्युलेटस. इंग्रजीत त्याला चुनाम बेडूक असेही म्हणतात. हा ‘चुनाम’ म्हणजे आपल्या चुन्याचाच भाऊ. पांढरी सफेदी केलेल्या भिंतीवर फिकट पडून बसलेला हा प्राणी साहेबांच्या बंगल्यांतील न्हाणीघरात रोज दिसत असणार. लंडनच्या जॉन ग्रे यांनी त्याला नाव दिले ते १८३०च्या दशकात निघालेल्या भारतीय प्राण्यांच्या चित्रग्रंथात. हा ग्रंथ हार्डविक नावाच्या लष्करी अधिकाऱ्याच्या चित्रसंग्रहावर आधारलेला होता आणि त्या संग्रहातील बहुतेक चित्रे भारतीय चित्रकारांच्या हातची होती. त्या चित्रकारांपैकी फार थोड्यांची नावे आज आपल्याला ठाऊक आहेत. ग्रे यांनी स्वतः भारतात पाऊल ठेवले नव्हते. त्यांचा व्यवहार चित्रांशी आणि मद्यार्कात बुडवलेल्या नमुन्यांशी होता.

पुढच्या पिढीत थॉमस जर्डन आले. हे मद्रास सैन्यातील शल्यचिकित्सक; भारतीय पक्ष्यांवरील त्यांच्या ग्रंथामुळे अधिक परिचित. १८७० मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या कार्यवृत्तात त्यांनी भारतीय सरपटणाऱ्या प्राण्यांवर आणि उभयचरांवर टिपणे प्रसिद्ध केली. पश्चिम घाटातील मलबारी उडता बेडूक, जो आज आंबोलीपासून केरळापर्यंत प्रत्येक छायाचित्रकाराला हवा असतो, त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन याच टिपणांत आहे. जर्डन १८७२ साली निवर्तले. त्यांनी दार्जिलिंगच्या परिसरातून मिळवलेल्या एका झाडबेडकाला ब्रिटिश म्युझियमच्या आल्बर्ट ग्युंथर यांनी १८७६ मध्ये ‘जर्डोनाय’ हे नाव दिले. बरणीवर चिठ्ठी लागली आणि पुढची १३०हून अधिक वर्षे तो बेडूक जिवंत कोणी पाहिल्याची नोंद झाली नाही. या बेडकाकडे आपल्याला परत यायचे आहे.

या साऱ्या उद्योगाला मी कमी लेखत नाही. नावाशिवाय पुढचे काहीच शक्य नसते. पण एक अडचण होती. बरणीतल्या प्रौढ बेडकाची बोटे, पडदे आणि डोळ्यांमधील अंतर मोजता येते. त्याचे पिल्लू कोणते, हे मात्र बरणी सांगत नाही. एकाच डबक्यात पाच जातींचे भैकेर असतात. भैकेर म्हणजे बोलीतला बेडूकमासा. पाच जातींचे पाच भैकेर पाहणाऱ्याला बहुधा एकसारखेच काळपट दिसतात. आज डीएनएची तुलना करून काही दिवसांत उत्तर मिळते. ती सोय नव्हती तेव्हा पूर्ण खात्रीचा मार्ग एकच : भैकेर आणा, वाढवा, बेडूक होऊ द्या आणि मग ओळखा. म्हणजे ओळख पटवण्याचे उपकरण होते ते अन्न. ज्याला पिल्लू जगवता येत नाही, त्याला त्याचे नावही सांगता येत नाही.

या दिशेने भारतात झालेले एक पायाभूत काम १९१८ साली भारतीय संग्रहालयाच्या नियतकालिकात आले. विषय होता मैदानी प्रदेशात आढळणाऱ्या दोन कुलांतील बेडकांचे भैकेर. लेखक दोन : नेल्सन अ‍ॅननडेल, जे १९१६ मध्ये कलकत्त्यात स्थापन झालेल्या भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक होते, आणि बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातील प्राणिशास्त्राचे प्राध्यापक सी. आर. नारायण राव. वसाहतीच्या काळात एका भारतीय प्राध्यापकाचे नाव सर्वेक्षणाच्या संचालकाशेजारी छापले जाणे, हीच एक नोंद घेण्याजोगी बाब. 

नारायण राव यांची कथा थोडी रेंगाळून सांगावी अशी आहे. १९३२ मध्ये बंगळूरहून ‘करंट सायन्स’ सुरू झाले, त्याचे ते पहिले संपादक. भारतीय विज्ञानाच्या बातम्या भारतातूनच प्रसिद्ध व्हाव्यात, या आग्रहातून जन्मलेले हे नियतकालिक आजही आपण वाचतो. १९३७ मध्ये त्यांनी दक्षिण भारतातील बेडकांच्या अनेक नव्या जातींचे वर्णन केले. पुढे त्यांच्या संग्रहातील मूळ नमुने हरवले आणि त्यांनी नाव दिलेल्या कित्येक जाती नेमक्या कोणत्या, हा वाद अनेक दशके चालला. २०१० मध्ये सत्यभामा दास बिजू, पुण्याचे योगेश शौचे, अलँ द्युब्वा, सुशील दत्ता आणि फ्रँकी बोस्युत यांनी केरळातील अनामुडी शिखरावरच्या एका लालसर, आखूड पायांच्या बेडकाचे वर्णन केले आणि त्यासोबत झुडपी बेडकांच्या एका मोठ्या गटाला ‘राऑर्केस्टिस’ हे नवे प्रजातिनाम दिले. त्यातला ‘राव’ म्हणजे नारायण राव. तो लेख छापून आला ‘करंट सायन्स’मध्येच.

आता जरा इतिहास बाजूला ठेवून पिल्लाच्या शरीरात काय चालते ते पाहू. नाहीतर पुढचे कळणार नाही.

भैकेर हा मुख्यतः खरवडून खाणारा प्राणी आहे. शेवाळ, कुजकी पाने, तळाचा गाळ. त्याचे आतडे स्प्रिंगसारखे गुंडाळलेले आणि लांबच लांब असते. भारतीय प्रयोगशाळांत त्याला पिढ्यान्‌पिढ्या उकडलेला पालक घातला जातो आणि तो त्यावर सुखाने वाढतो. म्हणून बादलीत बेडूकमासे वाढवणे सोपे वाटते. मग थायरॉइड ग्रंथीचा संदेश रक्तात वाढू लागतो. हे कळले १९१२ मध्ये : फ्रीड्रिख गुडरनाच यांनी भैकेरांना घोड्याची थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली आणि ते अकाली, इवल्याशा आकारात बेडूक झाले. हार्मोनविज्ञानातील एक अत्यंत महत्त्वाचा शोध खाऊ घालण्याच्या प्रयोगातून लागला, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत असते, पण तिच्यातील ‘खाऊ घालणे’ आपल्या लक्षात राहत नाही.

१९६० मध्ये केनेथ गोस्नर यांनी बेडकाच्या वाढीचे ४६ टप्पे ठरवले. जगभर आजही तीच मोजपट्टी चालते. बेचाळिसाव्या टप्प्यावर पुढचे पाय बाहेर येतात आणि सेहेचाळिसाव्यावर शेपूट संपते. या मधल्या दिवसांत प्राणी काहीच खात नाही, कारण खाण्यासाठी त्याच्याकडे तोंडच नसते. खरवडणारी चोच गळून पडते, जबडा रुंदावतो, जीभ तयार होते, आतडे आखडून पूर्वीच्या लांबीचा लहानसा अंश उरते. शेपटीतील ऊती विरघळून शरीराला पुरवठा करतात. शिदोरी संपेपर्यंत उपास चालतो. या काळात कोणी काळजीपोटी पालक टाकत राहिले, तर पाणी नासण्यापलीकडे काही होत नाही.

आणि शिदोरी संपते तेव्हा पाण्यातला शाकाहारी प्राणी जमिनीवरचा शिकारी झालेला असतो. त्याने आजवर एकही शिकार केलेली नसते.

झाडबेडकाच्या बाबतीत आणखी दोन अडचणी असतात. पहिली, तो बुडतो. ज्या पाण्यात तो दोन महिने राहिला त्याच पाण्यात, कडा उभी आणि गुळगुळीत असेल, चढायला काडी नसेल, तर शेपूट जाता जाता तो मरू शकतो. दुसरी अडचण भूमितीची. सहा सेंटीमीटरचा प्रौढ आणि दोन सेंटीमीटरचे पिल्लू यांची ठेवण सारखी मानली, तर घनफळाच्या तुलनेत पिल्लाच्या त्वचेचे क्षेत्रफळ तिप्पट भरते. पाणी उडते त्वचेतून, साठलेले असते घनफळात. म्हणून पंख्याखालच्या कोरड्या डब्यात पिल्लू पाहता पाहता सुकते. हवा दमट हवी, पण साचलेली नको. फवारा हवा, तळे नको.

आता भुवनेश्वरला जाऊ.

झाडबेडकांच्या संगोपनाचे भारतातील सर्वांत फलदायी पर्व, माझ्या मते, उत्कल विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात घडले. तेथे प्रियंवदा मोहंती हेजमाडी आणि सुशील दत्ता यांनी ओडिशातील बेडकांची जीवनचक्रे अंड्यापासून बेडकापर्यंत टप्प्याटप्प्याने नोंदवली. आपल्या सामान्य झाडबेडकाच्या जीवनचक्रावरील त्यांचा लेख १९८८ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये आला. ग्रे यांच्या चित्रग्रंथानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी! ज्या बेडकाने कित्येक पिढ्या आपल्या मोरीत काढल्या, त्याच्या बालपणाकडे पाहण्याची घाई कोणालाच नव्हती. याच काळात देशभरचे हजारो विद्यार्थी दरवर्षी विच्छेदनाच्या तबकावर बेडकाला भेटत होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने ती प्रथा थांबवली ती २०१४ मध्ये. एवढे बेडूक उघडले गेले. वाढवले किती गेले असतील?

मोहंती हेजमाडी या ओडिसी नृत्याच्या नामांकित नर्तिका आणि अभ्यासक म्हणूनही ओळखल्या जातात. २०१३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या प्रयोगशाळेने विज्ञानाला दिलेला धक्का १९९२ सालचा. मोहंती हेजमाडी, दत्ता आणि प्रवती महापात्र यांनी ‘नेचर’मध्ये कळवले की फुग्या बेडकाच्या भैकेराची शेपूट कापून त्याला जीवनसत्त्व ‘अ’च्या द्रावणात ठेवले, तर कापलेल्या जागी शेपटीऐवजी पाय उगवतात. शरीराचा एक अवयव दुसऱ्याच अवयवाच्या जागी उगवणे हे फळमाशीत ठाऊक होते. पृष्ठवंशीय प्राण्यात असे प्रथमच दिसले होते. दोन वर्षांनी तोच परिणाम आपल्या सामान्य झाडबेडकातही दाखवला गेला. या प्रयोगाला महागडे यंत्र लागले नव्हते. लागले होते ते शेकडो भैकेरांना आठवडेच्या आठवडे निरोगी ठेवण्याचे कसब. पाणी बदलणे, गर्दी होऊ न देणे, वेळेवर खाणे. शोधनिबंधात या कष्टांना ‘पद्धती’ या शीर्षकाखाली एक-दोन ओळी मिळतात, याची मला नेहमी मौज वाटते आणि थोडा रागही येतो.

तरीही तेथला अनुभव प्रामुख्याने पाण्यातल्या अवस्थेचा होता. प्रयोग सहसा शेपूट संपली की संपत. त्यानंतरच्या पिल्लाचे काय, याचे उत्तर निराळ्याच दिशेने आले, मेंदूच्या अभ्यासातून.

१९५३ मध्ये केंब्रिजच्या होरेस बार्लो यांनी बेडकाच्या दृष्टिपटलातील काही चेतापेशी माशीएवढ्या हलत्या ठिपक्याला विशेष प्रतिसाद देतात, असे दाखवले. १९५९ मध्ये अमेरिकेत जेरोम लेटविन, हुंबेर्तो मातुराना, वॉरन मॅककुलॉक आणि वॉल्टर पिट्स यांनी तोच विचार पुढे नेला. त्यांचा निबंध रेडिओ अभियंत्यांच्या नियतकालिकात छापला गेला आणि आमच्यासारखे भौतिकशास्त्राचे लोक तो आजही आदराने वाचतात. निष्कर्ष असा की बेडकाचा डोळा मेंदूला संपूर्ण चित्र पाठवत नाही. त्यातून निवड करूनच पाठवतो. लहान, गडद, आपल्या पार्श्वभूमीवर सरकणारा ठिपका असेल तर संदेश जोरात जातो. ठिपका थांबला की संदेश मावळतो. म्हणून मेलेल्या माशांच्या ढिगाऱ्यात बसलेला बेडूक उपाशी मरतो. त्याच्या लेखी तेथे अन्न नसतेच.

बादलीवाल्या प्रश्नकर्त्याला हे कोणी सांगितलेले नसते. तो भाताचे शीत टाकतो, माशांचे कोरडे खाद्य टाकतो, मेलेला डास चिमट्याने समोर ठेवतो. पिल्लू हट्टी नसते आणि आजारीही नसते. त्याला ते दिसतच नसते.

याच एका गुणधर्माने बेडकांच्या व्यापाराचा इतिहासही घडवला आहे. बेडकांच्या तंगड्या निर्यात करणारा भारत हा एके काळी जगातील आघाडीचा देश होता. १९८१ मध्ये चार हजार टनांहून अधिक माल बाहेर गेला. हे सारे बेडूक शेतांतून आणि पाणथळींतून पकडलेले. १९८५ मध्ये आपल्या दोन मोठ्या बेडकांवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियंत्रण आले आणि १९८७ मध्ये भारताने निर्यातच बंद केली. पकडण्याऐवजी पाळा, हा पर्याय त्या काळी वारंवार सुचवला जाई. बेडूकशेती आपल्याकडे व्यवसाय म्हणून उभी राहिली नाही. अनेक कारणे असतील, पण एक कारण साधे आहे. कोंबडीच्या पिल्लापुढे कणी टाकता येते. बेडकाच्या पिल्लापुढे रोज जिवंत, हलणारे आणि त्याच्या तोंडाच्या मापाचे काही सोडावे लागते. ब्राझीलमधील बेडूकपालकांनी यावर युक्ती काढली : कोरड्या खाद्याच्या गोळ्यांत माशीच्या जिवंत अळ्या मिसळायच्या. अळ्या वळवळतात, गोळ्या हलतात, पिल्लू झेप घेते. डोळ्याला फसवून पोट भरायचे. लेटविन यांना ही युक्ती नक्कीच आवडली असती.

झाडबेडकाच्या पिल्लासाठी जगभर जे खाद्य रूढ झाले त्याचा उगमही प्रयोगशाळेतलाच. १९१० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस मॉर्गन यांच्या फळमाश्यांत खुरटलेल्या पंखांची एक उत्परिवर्तित माशी निघाली. आनुवंशिकता शिकण्यासाठी सांभाळलेला हा वाण आज बेडूक सांभाळणाऱ्यांच्या कामी येतो : उडता येत नाही, पण तुरुतुरु चालते, डब्यातून पळून जात नाही आणि पिल्लाच्या नजरेत भरते. आपल्याकडे म्हैसूर विद्यापीठात फळमाश्यांच्या वाणांचा मोठा साठा सांभाळला जातो. यात एक गंमत दडलेली आहे. हा खुरट्या पंखांचा गुण तापमानावर अवलंबून असतो. माशी तीस अंशांच्या आसपास वाढली, तर तिचे पंख बरेच मोठे होतात. थंड देशांतील पुस्तके पाहून भारतीय उन्हाळ्यात माश्या वाढवणाऱ्याला हे ठाऊक असलेले बरे.

अर्थात वाण आणण्याची सक्ती नाही. पिकलेल्या केळ्याची साल बाटलीत ठेवली की दोन दिवसांत साध्या फळमाश्या जमतात. फवारणी न केलेल्या वालाच्या वेलावरचा मावा, कुजक्या पाल्यातील उड्या मारणारे सूक्ष्म कीटक, नुकती जन्मलेली रातकिड्याची पिल्ले, हे सारे चालते. मापाचा अनुभवसिद्ध नियम असा की घास पिल्लाच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा रुंद नसावा. पिल्लाला पहिले काही दिवस भूक नसते. त्या दिवसांत ढीगभर कीटक सोडले तर तेच पिल्लाच्या अंगावर चढून त्याला हैराण करतात. आणि फळमाशीत कॅल्शियम फार कमी असते. नुसत्या माश्यांवर वाढलेल्या पिल्लांची हाडे मऊ राहतात, जबडा वाकतो, झेप चुकू लागते. म्हणून जाणकार माश्यांना कॅल्शियम कार्बोनेट आणि जीवनसत्त्व ‘ड३’ची भुकटी लावून मगच सोडतात. ‘चुनाम’ बेडूक म्हणून पानाला लावायचा चुना कोणी वापरू नये; तो दाहक असतो आणि बेडकाची त्वचा अत्यंत नाजूक.

हे सारे सांगितल्यावर आता दार्जिलिंगच्या त्या बरणीकडे परतता येईल.

२००७-०८ मध्ये बिजू आणि त्यांचे सहकारी ईशान्य भारताच्या जंगलात जमिनीवरचे बेडूक शोधत असताना वरून, झाडांच्या शेंड्यांकडून, अनोळखी साद ऐकू आली. झाडांच्या पाणी साचलेल्या ढोलींत त्यांना जो बेडूक सापडला, तो जर्डन यांचाच निघाला. जानेवारी २०१६ मध्ये यावरचा शोधनिबंध आला. बेडकाला ‘फ्रँकिक्सेलस’ ही नवी प्रजाती दिली गेली. बिजूंचे मार्गदर्शक फ्रँकी बोस्युत यांच्या नावावरून. गंमत म्हणजे त्याच महिन्यात चीनमधील संशोधकांनी याच गटाला ‘नासुटिक्सेलस’ म्हटले आणि आज बऱ्याच याद्यांत हेच दुसरे नाव दिसते. नावांचे हे राजकारण बाजूला ठेवू. खरी बातमी पिल्लांच्या पोटात होती. ढोलीतल्या भैकेरांच्या आतड्यांत बेडकाचीच अंडी सापडली. मादी ढोलीच्या भिंतीला अंडी चिकटवते, पिल्ले खालच्या पाण्यात पडतात आणि ती परत येऊन त्यांच्यासाठी न फळलेली अंडी घालते. त्या चिंचोळ्या, अंधाऱ्या पाण्यात दुसरे फारसे अन्न नसते. पालकाच्या पानावर अवघा अभ्यास उभा करणाऱ्या कोणत्याही प्रयोगशाळेला हे पिल्लू साध्या रीतीने जगवता आले नसते.

आणि या आईचे खाऊ घालणेही शेपटीपाशीच थांबते. ढोलीबाहेर पडणाऱ्या पिल्लाला पहिला घास स्वतःच मिळवावा लागतो. तो घास काय असतो, कोणत्या उंचीवर मिळतो, कोणत्या महिन्यात, हे या जातीच्या बाबतीत अजून उलगडायचे आहे.

पश्चिम घाटातील राऑर्केस्टिस बेडकांनी तर भैकेराची अवस्थाच गाळली आहे. बिजूंनी २००३ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये अशा एका झुडपी बेडकाचे प्रजनन वर्णिले : अंड्यातून थेट चार पायांचे पिल्लू बाहेर पडते. तमिळनाडूतील कलक्काड-मुंडनथुराई अभयारण्यात के. एस. शेषाद्रि यांनी पाहिलेला एक राऑर्केस्टिस बांबूच्या पोकळ पेरात अंडी घालतो आणि नर त्यांची राखण करतो, कारण त्याच जातीचे इतर नर ती खायला टपलेले असतात. तेथून बाहेर पडणारे पिल्लू तांदळाच्या दाण्याएवढे. त्याच्या दोन डोळ्यांमधील अंतर किती असेल, याचा अंदाज करा. फळमाशीसुद्धा त्याला मोठी पडेल.

हा केवळ कुतूहलाचा विषय राहिलेला नाही. २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या जागतिक आढाव्यानुसार उभयचरांच्या सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात आहेत आणि पश्चिम घाट हा त्यांतल्या दाट प्रदेशांपैकी एक. त्वचेवर वाढून बेडकांचे जीव घेणाऱ्या कायट्रिड बुरशीचे अस्तित्व घाटातील बेडकांत २०११ मध्ये नोंदले गेले आहे. एखादी जात जंगलात टिकत नाही असे दिसले, तर काही जोड्या आणून बंदिस्त जागी वाढवणे हा शेवटचा उपाय उरतो. इतर देशांत तो अनेकदा योजला गेला आहे. त्या दिवशी जनुकांची सारी माहिती संगणकात असेल, नमुना संग्रहालयात असेल, हाकांचे ध्वनिमुद्रण असेल. आणि दाण्याएवढ्या पिल्लाला घालायला काय, हे कोणाला ठाऊक नसेल, तर या साऱ्याचा उपयोग किती? माझ्या दृष्टीने भारतीय उभयचरशास्त्रातील आजची मोठी उणीव नव्या जातींची नाही. त्या दरवर्षी सापडत आहेत आणि त्यांच्या बातम्याही होत आहेत. उणीव आहे ती सामान्य जातींवर केलेल्या, कंटाळवाण्या, रोजच्या संगोपनाच्या नोंदींची. कोणत्या तापमानाला, कोणता कीटक, किती दिवसांनी, किती जगली, किती मेली.

म्हणून बादलीवाल्या मित्रांना मी काय सांगतो? जंगलातून किंवा दुसऱ्या गावाहून अंडी, भैकेर वा पिल्ले उचलून आणू नका. वन्यजीव कायद्याचा प्रश्न आहे आणि वनखात्याला विचारल्याशिवाय तो सुटत नाही. एका जागी वाढवलेली पिल्ले दुसऱ्या डबक्यात सोडू नका. बुरशी आणि विषाणू त्यांच्याबरोबर प्रवास करतात. घरटे तुमच्याच टाकीवर असेल, तर टाकी तशीच राहू द्या. पाण्यात एक तिरकी काठी टेकवा, काठाला कुंड्यांची दाटी करा. संध्याकाळी जवळचा दिवा तासभर लावा; बारीक कीटक आपोआप येतात आणि पिल्लांना ते हलताना दिसतात. मग वही घ्या. पहिले पिल्लू काठीवर कोणत्या तारखेला चढले, त्या वेळी शेपूट किती उरली होती, पहिली झेप किती दिवसांनी आणि कशावर घेतली, हे लिहून ठेवा. आपल्या मोरीतल्या बेडकाच्या बाबतीतही ही माहिती भुवनेश्वर, पुणे, गुवाहाटी आणि तिरुवनंतपुरम येथे सारखीच निघेल, असे मानायला काही आधार नाही. यंदाचा पाऊस अजून संपलेला नाही.